'अंगणवाडी' : बोर्डी ते भिलाई, एका शब्दाचा प्रवास

भारतीय भाषांतील शब्दांच्या देवघेवीचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः धर्म, दरबार आणि छापखाना ह्या तीन वाटांकडे वळते. संतांबरोबर शब्द प्रवास करतात, राज्यकर्त्यांबरोबर करतात, आणि गेल्या दीड-दोन शतकांत ते वृत्तपत्रे व पाठ्यपुस्तके ह्यांच्याद्वारे करीत आले आहेत. परंतु ह्याखेरीज एक चौथी वाट आहे व तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. एखादी शासकीय योजना आपल्या नावासह देशभर पसरते, आणि त्या नावाच्या रूपाने एका प्रादेशिक भाषेतील घरगुती शब्द काश्मीरपासून केरळपर्यंतच्या लोकांच्या तोंडी बसतो. 'अंगणवाडी' हा असा शब्द होय. त्याचा जन्म ठाणे जिल्ह्यातील (२०१४ पासून पालघर जिल्ह्यातील) बोर्डीच्या परिसरात झाला. प्रस्तुत निबंधात त्याचा माग छत्तीसगढमधील भिलाईपर्यंत काढावयाचा आहे. शब्द पोहोचला, पण शब्दामागची कल्पना कितपत पोहोचली, हा येथील खरा प्रश्न आहे. आणि तो केवळ शब्दकोशाचा प्रश्न नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

छत्तीसगढात मराठी शब्द नवा नाही. १७४१ नंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल ह्या प्रदेशात शिरला व १८५४ मध्ये तो इंग्रजांच्या घशात जाईपर्यंत टिकून राहिला. पुढे १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर हे जिल्हे ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूरच होती. मात्र ह्या पहिल्या संपर्कात मराठी आली ती वसुलीची आणि दप्तराची भाषा म्हणून. 'अंगणवाडी' हा शब्द आला तो काही घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठी. हा फरक नोंदवून पुढे जाऊ.

लहान मुलांच्या शाळेला काय म्हणावे, हा प्रश्न जगभर निरनिराळ्या प्रकारे सोडविला गेला आहे, आणि प्रत्येक नावात मुलाविषयीची एक प्रतिमा दडलेली आहे. फ्रेबेलने १८४० मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव दिले, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बाग होती: मूल म्हणजे रोप आणि शिक्षक म्हणजे माळी. मारिया माँटेसरीने ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो ह्या कामकरी वस्तीत जी शाळा उघडली तिला नाव मिळाले 'मुलांचे घर'. ह्या घराची मूळ प्रेरणा मोठी गमतीची आहे. चाळींची डागडुजी करणाऱ्या मंडळाला आईबाप कामावर गेल्यावर जिने आणि भिंती खराब करणाऱ्या मुलांचा बंदोबस्त हवा होता! अमेरिकेत १९६५ च्या उन्हाळ्यात सरकारी खर्चाने गरीब कुटुंबांतील मुलांसाठी मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव 'हेड स्टार्ट', म्हणजे शर्यतीत दुबळ्याला आरंभी मिळणारी चार पावलांची सवलत. ह्या प्रतिमेत बागही नाही आणि घरही नाही. शर्यत मात्र गृहीत धरलेली आहे. आपल्याकडे गिजुभाई बधेका ह्यांनी भावनगर येथे १९२० मध्ये 'बालमंदिर' काढले. मूल हे दैवत आणि शिक्षक पुजारी, हे रूपक त्या काळाला शोभणारेच होते. पण मंदिर म्हटले की उंबरा आला, आणि उंबरा आला की तो कोणी ओलांडावयाचा हा प्रश्नही आला.

ताराबाई मोडक गिजुभाईंच्या सहकारी होत्या. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्यातून त्यांनी मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत बालशिक्षणाचा विचार रुजविला, आणि १९३६ मध्ये दादर येथे 'शिशुविहार' सुरू केले. शिशुविहारातील मुले मध्यमवर्गीय घरांतील होती. आपले काम शहरी आणि सुस्थित घरांच्या पलीकडे जात नाही, ही टोचणी त्यांना १९४५ मध्ये बोर्डीला घेऊन गेली. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या, स्वतःच्या हिमतीवर शिकल्या होत्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी करीत होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंचे निधन १९७३ मध्ये झाले. अनुताई १९९२ पर्यंत तेथेच राहिल्या.

'वाडी' हा शब्द ह्या मुलखात काय अर्थाने वावरतो हे पाहिल्याखेरीज नावाचे मर्म कळणार नाही. बोर्डी-घोलवड म्हणजे चिकूच्या वाड्यांचा प्रदेश. वाडी मालकाची असते, तिला कुंपण असते, पाणी असते. आदिवासी वारली राहतो तो पाड्यावर. 'बालवाडी' हे नाव किंडरगार्टनचे सुरेख मराठीकरण होते, यात संशय नाही. परंतु पाड्यावरचे मूल वाडीत येईना. कार्यकर्त्या घरोघर फिरून मुले गोळा करीत, त्यांना न्हाऊ-माखू घालीत, केस विंचरीत, आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फेरा. तेव्हा उलटा विचार झाला. मूल वाडीत येत नसेल, तर वाडीने मुलाच्या अंगणात जावे. हरिजनवाड्यात व पाड्यांवर, घरांच्या पुढल्या मोकळ्या जागेत, आईच्या डोळ्यांदेखत भरणारी बालवाडी ती 'अंगणवाडी'.

मराठी घरात अंगण ही जागा मोठी मर्मज्ञपणे निवडलेली आहे असे म्हणावे लागते. अंगण हे घराचे असते, पण त्याला दार नसते. तेथे धान्य वाळते, मांडव पडतो, भांडण होते, आणि रात्री गोष्ट सांगितली जाते. शेजारी अंगणात न विचारता येतो. घरात विचारून येतो. म्हणून अंगणात भरणारी शाळा आईला परकी वाटत नाही आणि आई तिला परकी वाटत नाही. 'मंदिर', 'विहार', 'वाडी' ह्या तिन्ही शब्दांत मुलाला कोठेतरी न्यावयाचे आहे. 'अंगण' ह्या एकाच शब्दात शिक्षणाला मुलाकडे यावयाचे आहे. माझ्या मते विसाव्या शतकात भारतीय भाषांनी शिक्षणाला दिलेला हा सर्वांत विचारगर्भ शब्द आहे.

ह्या कामाची दुसरी विशेषता अशी की, प्रत्येक अडचणीतून एक नवी संस्था आणि तिच्याबरोबर एक नवा शब्द निघाला. पाच-सहा वर्षांची मुलगी येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असे. म्हणून पाळणाघर. आठ-दहा वर्षांचा मुलगा येत नसे, कारण तो गुरे राखी. म्हणून गुरे चरतात तेथेच भरणारी 'कुरणशाळा'. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ह्यांची एकत्र गुंफण ती 'विकासवाडी'. माँटेसरीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, शिंपले, पाने आणि खडे ह्यांनी घेतली. कुटुंबाला मदत केल्याखेरीज मुलाला शिकविता येत नाही, हे सूत्र येथे कोणी ग्रंथातून घेतले नाही. कडेवरच्या भावंडाने ते शिकविले.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक विषयांतर करण्याची मुभा असावी. ज्या वर्षी बोर्डीचे केंद्र निघाले त्याच १९४५ मध्ये, त्याच वनपट्ट्यात, वारल्यांचा लढा सुरू झाला. 'जेव्हा माणूस जागा होतो' ह्या गोदावरी परुळेकरांच्या पुस्तकात त्याची हकीकत आली असून त्याला १९७२ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन त्यानंतरचे. एकाच भूमीतील, एकाच समाजाविषयीची, दोन मराठी स्त्रियांनी लिहिलेली ही दोन पुस्तके. पण आपल्या समीक्षेने एकीला चळवळीच्या कप्प्यात ठेवले व दुसरीला शिक्षणाच्या, आणि दोहोंची गाठ पडू दिली नाही. एकीत मोजमापाचे एकक मजुरी आहे, दुसरीत मूल आहे. ज्या लग्नगड्याला लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे राबावे लागे, त्याचेच मूल गुरांमागे जात होते. तेव्हा ही दोन पुस्तके एकमेकांची उरलेली अर्धी बाजू सांगतात, हे उघड आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. केंद्राचे नाव ठरले 'अंगणवाडी'. पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शालापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिच्यात गुंफलेल्या होत्या. सहा वर्षांखालील मूल आणि त्याची गर्भवती वा स्तनदा आई ह्यांचा एकत्र विचार करणारी ही कल्पना कोसबाडच्या अनुभवाला जवळचीच होती. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चाललेल्या अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यामुळे तिचा विस्तार झाला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने १४ लाख केंद्रांचे लक्ष्य ठरविले गेले, आणि २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पोषणाच्या भागाला कायद्याचा आधार दिला.

शब्द मात्र प्रत्येक भाषेत आपापली वस्त्रे लेऊन बसला. मल्याळममध्ये तो 'अंकणवाडि' झाला व जणू थेट संस्कृतातून आल्यासारखा दिसू लागला. बंगालीत 'बाड़ि' म्हणजे घर हा नित्याचा शब्द असूनही 'अंगनवाडी'चे बंगाली रूप 'वाडी'चा परका ध्वनीच जपून राहिले. हिंदीने मात्र 'वाडी'ची 'बाड़ी' केली, आणि छत्तीसगढात ह्या एका अक्षराने मोठी मौज घडविली. छत्तीसगढी घराच्या पुढे 'अंगना' असतो आणि मागे 'बारी' असते. बारी म्हणजे परसातील भाजीपाल्याचा तुकडा. तेव्हा मराठीतील तत्पुरुष समास, अंगणातील वाडी, छत्तीसगढी कानाला द्वंद्व समास म्हणून ऐकू येतो: अंगना आणि बारी, म्हणजे घराची पुढची आणि मागची बाजू. ही लोकव्युत्पत्ती झाली; शास्त्रीय व्युत्पत्ती नव्हे. पण लोकव्युत्पत्ती पुष्कळदा वस्तुस्थितीच्या पुढे धावते. अलीकडील पोषणविषयक धोरणात केंद्राला जोडून 'पोषण वाटिका' लावण्यावर भर आहे. आणि 'वाडी' व 'बारी' ह्यांचे मूळ शेवटी 'वाटिका'कडेच जाते. शब्द फिरून आपल्या आजोळी आला.

आता भिलाई. २ फेब्रुवारी १९५५ च्या सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद ह्यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याभोवती आखीव सेक्टर झाले, त्यांत शाळा, इस्पितळ, बागा आल्या. भारतातील सर्व भाषा बोलणारी माणसे येथे आली, त्यांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. पण सेक्टरांच्या पलीकडे कॅम्प, खुर्सीपार, जामुल ह्या वस्त्या वाढल्या. जोनाथन पॅरी ह्या मानववंशशास्त्रज्ञाने भिलाईवरील आपल्या २०२० च्या ग्रंथात तेथील कामगारांच्या बोलण्यातील दोन शब्दांवर बोट ठेवले आहे: 'नौकरी' आणि 'काम'. कारखान्यातील कायम जागा ती नौकरी. ठेकेदाराकडील रोजंदारी ते काम. नौकरीवाल्याच्या मुलाला सेक्टरातील शाळा होती. कामवाल्याच्या मुलाला अंगणवाडी.

ह्या वस्त्यांत अंगण बहुधा नाही. खोलीचे दार गल्लीत उघडते, आणि केंद्रासाठी एखादी खोली मिळाली तरी ती चार भिंतींची असते. अंगणाचा जो सामाजिक अर्थ, आईने जाता-येता डोकवावे, तो येथे उरत नाही, कारण त्या वेळी आई घरीच नसते. ती बांधकामावर असते, नाहीतर ठेक्यावर. अंगणवाडी साधारणतः सकाळचे चार-सहा तास चालते. रोजंदारी आठ तासांची, आणि जाण्यायेण्याचा वेळ निराळा. शिवाय तीन वर्षांखालील मुलाला केंद्रातून शिधा घरी मिळतो, त्याचे वजन होते, लस टोचली जाते; पण दिवसभर सांभाळण्याची तरतूद मूळ योजनेत नव्हती. म्हणजे कडेवरचे भावंड पुन्हा मोठ्या बहिणीच्याच कडेवर राहिले. १९४५ मध्ये बोर्डीला जी अडचण दिसली आणि पाळणाघराने सुटली, ती नाव घेताना विसरली गेली. शब्द घेतला, त्याच्या शेजारचा शब्द घेतला नाही, असे मी म्हणेन.

पाळणाघराविषयी कायदे नव्हते असे नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ३० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघर सक्तीचे केले. पण मोजणी स्त्रियांची होती, कामगारांची नव्हे. आणि जेथे स्त्रियांच्या संख्येवर खर्च चढतो तेथे ती संख्या मर्यादेखाली ठेवण्याचा मोह मालकाला होणारच. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, असा निकष आणला, तेव्हा कोठे मूल हे केवळ आईचे नसते ही गोष्ट कायद्याच्या भाषेत उमटली. छत्तीसगढाने एक निराळी वाटही दाखविली आहे. २०१२ मध्ये सरगुजा जिल्ह्यात 'फुलवारी' सुरू झाली. तेथे सार्वजनिक निधीतून अन्न येते, आणि वस्तीतील आया पाळीपाळीने सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना सांभाळतात, रांधतात. फ्रेबेलची बाग अशा रीतीने सरगुजाच्या रानात पुन्हा उगवली! मात्र पाळी घेणे गावात साधते. रोजची मजुरी बुडवून भिलाईच्या कॅम्पमधील बाई पाळी कशी घेणार? शहरी रोजंदारीवरील आईसाठी पगारी माणसाचे पाळणाघरच हवे. २०२२ पासून केंद्राच्या 'पालना' योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची सोय झाली आहे, ही त्या दृष्टीने महत्त्वाची घटना होय.

भिलाईच्या परिसरात मजुरी आणि मूल ह्यांची गाठ घालणारा एक प्रयोग झाला होता, आणि तो शासकीय पैशावर नव्हता. कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी ह्यांच्या पुढाकाराने खाणकामगारांची संघटना उभी राहिली. तिने मजुरीबरोबर दारूबंदी हाती घेतली आणि १९८३ मध्ये वर्गणीतून शहीद इस्पितळ उभारले. परुळेकर आणि वाघ ह्यांच्या पुस्तकांची जी गाठ समीक्षेने पडू दिली नाही, ती येथे प्रत्यक्षात पडली होती. नियोगींची हत्या २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच झाली.

शब्दांच्या चर्चेत आणखी एका शब्दाला टाळता येणार नाही: 'मानधन', हिंदीत 'मानदेय'. अंगणवाडी चालविणाऱ्या बाईला महाराष्ट्रात 'सेविका' म्हणतात, छत्तीसगढात 'कार्यकर्ता'. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. कारण योजनेच्या दृष्टीने ती नोकर नाही, सेवाभावी स्वयंसेविका आहे. 'सेवा' हा शब्द ताराबाई-अनुताईंनी स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन मिळविला होता. शासनाने तो फुकटात उचलला, असे कठोरपणे म्हणणे भाग आहे. २०१८ मध्ये केंद्राने आपला वाटा दरमहा ३,००० वरून ४,५०० रुपये केला. छत्तीसगढाने २०२३ च्या अर्थसंकल्पात एकूण रक्कम ६,५०० वरून १०,००० रुपयांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ह्या स्त्रिया शासकीय पदावर नाहीत असा निर्णय दिला होता. २५ एप्रिल २०२२ च्या निर्णयात मात्र त्या उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असे ठरविले. भिलाईच्या भाषेत सांगावयाचे तर ही 'नौकरी'ही नव्हे आणि 'काम'ही नव्हे. ज्या वस्तीत हे दोनच शब्द माणसाची पायरी ठरवितात, तेथे तिसरी पायरी ह्या स्त्रियांच्या वाट्याला आली.

संविधानाच्या भाषेतही असाच एक पालट झाला आहे. मूळ ४५ वा अनुच्छेद चौदा वर्षे पुरी होईपर्यंत शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न करावा असे राज्याला सांगत होता. खालची वयोमर्यादा त्यात नव्हती. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने सहा ते चौदा ह्या वयाला मूलभूत हक्क दिला, आणि सहा वर्षांखालील मूल निदेशक तत्त्वांतच ठेवले. 'हक्क' आणि 'प्रयत्न' ह्या दोन शब्दांमधील अंतर हे ह्या मुलांचे पहिले सहा वर्षांचे आयुष्य आहे.

आता आपल्या शास्त्राच्या अधिक जवळचा मुद्दा. सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षणाला प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ उरतो, कारण वजन आणि शिधा ह्यांची नोंद वहीत होते व तपासली जाते. गोष्ट सांगितली की नाही ह्याची नोंद होत नाही. आणि गोष्ट सांगावयाची कोणत्या भाषेत? भिलाईच्या कॅम्पमधील एकाच केंद्रात छत्तीसगढी, तेलुगू, ओडिया आणि क्वचित मराठी घरांतील मुले असू शकतात. केंद्राची भाषा हिंदी. छत्तीसगढीला राज्याच्या राजभाषेचा दर्जा देण्याचा निर्णय २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेत झाला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेचा आग्रह आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला धोरण ऐकू येत नाही. त्याला ऐकू येते ती समोरच्या बाईची भाषा. ती बहुधा त्याच वस्तीतील असते आणि स्वभावतः छत्तीसगढीत बोलते, वही उघडली की हिंदीत येते. मराठीत 'दाई' म्हणजे बाळंतपण करणारी किंवा मूल सांभाळणारी पगारी बाई. छत्तीसगढीत 'दाई' म्हणजे आई. एवढ्याशा शब्दावरून नागपूरकडून आलेले मूल पहिल्या दिवशी गोंधळेल आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही अर्थ आपलेसे करील.

तळहात जमिनीवर पालथे ठेवून, एकेका हाताला स्पर्श करीत म्हणावयाची खेळगाणी मराठीत आहेत तशी छत्तीसगढीतही आहेत. त्यांच्या यमकांची घडण इतकी सारखी आहे की कोणी कोणाकडून घेतले हे सांगता येऊ नये. आपल्या विद्यापीठांनी ओव्या जमविल्या, पंडवानी ध्वनिमुद्रित केली, भरथरीवर प्रबंध लिहिले. तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे वाङ्मय मात्र लोकसाहित्याच्या सूचीत परिशिष्टात जाते. कोसबाडला ह्याच्या उलट क्रम होता: मुलांची बोली आणि त्यांचा परिसर आधी, पाठ नंतर. भिलाईसारख्या गावात हे काम करावयाचे तर त्याला मोठ्या अनुदानाची गरज नाही. एका वस्तीतील पाच-सहा केंद्रांत, तेथील कार्यकर्त्या व सहायिका ह्यांनाच सहसंकलक मानून, चार भाषांतील खेळगाणी, उखाणे आणि अंगाई ह्यांचा संग्रह एका शैक्षणिक वर्षात होऊ शकेल. तो केंद्रात वापरताही येईल. मात्र ह्या स्त्रियांची नावे मुखपृष्ठावर असावीत आणि त्यांच्या श्रमाला दिलेल्या पैशाला मानधन म्हणू नये.